वरची गोळी, खालचं तेल

चांदरी एकहाती म्हैस होती. पुंजारामाशिवाय कुणाला धार द्यायची नाही. कपाळावर पांढरा टिळा, अंगानं थोराड आणि माजोरी अशी, की वच्छलाबाईनं कितीदा तिच्याखाली बसून पाहिलं, दर वेळी चरवी एकीकडं आणि वच्छलाबाई दुसरीकडं. पुंजारामाला ह्या गोष्टीचा भारी अभिमान. गंगापूरला लग्न असो की सासुरवाडीला बारसं, धारेच्या वेळेला गडी गोठ्यात हजर. मुक्काम म्हणून कुठं केला नाही कधी. "माह्या हाताबिगर ती पान्हवत नाय," असं चारचौघांत सांगायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याच पुंजारामाच्या अंगावरून दिवाळी सरल्यावर वारं गेलं, आणि तेही चांदरीखालीच. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. रानात लवकर जायचं म्हणून वच्छलाबाई भाकरी थापत होती, तेवढ्यात गोठ्यात चरवी लवंडल्याचा आवाज आला. म्हशीनं लाथ मारली असंल म्हणून ती तशीच पिठाच्या हातानं गेली. पाहते तर पुंजाराम म्हशीच्या मागच्या पायाला टेकून बसलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि दूध शेणात चाललेलं. सगळ्या जगाला लाथा घालणाऱ्या त्या जनावरानं पाय तेवढा जागचा हलवला नव्हता.

पोरगा सोमनाथ वाळूजला कंपनीत कामाला. तो मित्राची गाडी घेऊन आला आणि बापाला संभाजीनगरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण उजवा हात आणि उजवा पाय अंगाला नुसते टांगल्यासारखे झाले, आणि बोलणं तोंडातल्या तोंडात घोटाळायला लागलं. वरच्या मजल्यावर मोठे डॉक्टर होते अभय म्हणून, उंच, घाईचे, बोलायला फटकळ. घरी सोडताना त्यांनी बजावून सांगितलं, की ह्या गोळ्या जन्मभराच्या, बीपीची आणि रक्त पातळ करायची, एक दिवस चुकता कामा नये. वच्छलाबाईनं मान हलवली. डॉक्टरपुढं मान हलवायचीच असते.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दीर अप्पाराव तर रोज यायचा. भावावर जीव होता त्याचा, खोटं कशाला बोलायचं. एक दिवस तो ओट्यावर बसून म्हणाला, "वहिनी, गोळ्यांनी वारं उतरत नसतं. लासूरच्या पुढं एक बाबा झाडपाल्याचं औषध देतो. कितीक माणसं उठून चालायला लागली."

"मंग आणा की भाऊजी."

"आणतो. पण एक हाये. औषधावर औषध चालत नाय. तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवा लागतील."

वच्छलाबाईला ह्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या माहेरी हाच कायदा होता. तिच्या आईची कावीळ अशाच एका मुळीनं उतरली होती आणि तेव्हाही दवाखान्याचं सगळं बंद ठेवलं होतं. दोन औषधं पोटात भांडतात आणि माणसाला मारतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं गोळ्या फडक्यात बांधून फडताळात ठेवल्या आणि रोज सकाळी काढा उकळायला लागली. पुंजारामाचा चेहरा जरा उजळल्यासारखा दिसला. दिसणारच, मनात आशा आली की चेहरा उजळतो.

मग एका सकाळी ती त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. घास तोंडातच राहिला. जे चार शब्द परत आले होते तेही गेले आणि उजवी पापणी खाली पडली.

पुन्हा तोच दवाखाना, तोच वरचा मजला. अभय डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

"व्हय," वच्छलाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. पुन्हा विचारलं. ती पुन्हा व्हय म्हणाली, पदराशी चाळा करत. तेवढ्यात खाटेवरून पुंजारामाचा डावा हात उठला आणि नाही नाही असा हलला. नवऱ्यानंच साक्ष फिरवली. मग डॉक्टर जे बोलले ते सगळ्या वार्डानं ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपलं बोलणं थांबवून ऐकलं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हातानं मारलं असतं त्यांना."

वच्छलाबाई तिथं रडली नाही. मोरीत जाऊन नळ सोडून रडली. लाज वाटली तिला, आणि भ्या वाटलं, की आपण ज्याला पथ्य समजत होतो ते ह्याच्या गळ्याला फास होतं. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं, की हा माणूस पायावर उभा करीन, पण आता डोळे झाकून ह्याच्या तोंडात काही घालायची नाही.

आता त्या दवाखान्यात नव्यानंच एक सोय झाली होती. खालच्या मजल्यावर, मागल्या अंगाला, आयुर्वेदाची खोली उघडली होती. तिथं लकव्याच्या माणसाला तेल चोळायचे, वाफ द्यायचे, आणि शेजारच्या हॉलमध्ये व्यायाम घ्यायचे. खोली करुणा डॉक्टरांची. पैठणकडची, सुती साडी नेसणारी बाई, बोलायला मायाळू. तिनं पुंजारामाचा हात आपल्या हातात घेऊन निवांत पाहिला, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पाहिली, तेल-वाफ सांगितली आणि सोबत पोटात घ्यायला एक चूर्ण दिलं.

चूर्णाच्या पुड्या घेऊन वच्छलाबाई जिना चढून वर गेली. अभय डॉक्टर म्हणाले, "पोटात दुसरं काही जायचं नाही."

ती खाली आली. करुणाबाई म्हणाली, "हे चालतं, मी त्यांच्या गोळ्या बघूनच दिलंय."

ती पुन्हा वर निघाली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. गुडघे ठणकत होते. खाली पुंजाराम चाकाच्या खुर्चीत मान कलती करून बसलेला दिसत होता, त्याच्या तोंडातून लाळ सदऱ्यावर आली होती आणि येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते. तिचं टाळकंच फिरलं. एकाच छपराखाली दोन शहाणी माणसं, आणि मधल्या जिन्यावर निरोप्यासारखी मी. ती तडक वर गेली, रांगेतल्या माणसांना बाजूला सारून डॉक्टरांपुढच्या खुर्चीत बसली.

"मावशी, नंबर येऊ द्या," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, औषधावर औषध चालत नाय म्हणून मी माणूस मारायला निघाले व्हते. ते तुमीच सांगितलं. आता तुमी म्हणता दुसरं नको, खालच्या बाई म्हणतात चालतं. मला त्यातलं काय कळत नाय. तुमी दोघं एकमेकाला बोला. तवर मी इथून उठायची नाय."

"माझी ओपीडी चालू आहे."

"चालू द्या. मी काय आडवी पडले नाय."

मागची माणसं कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, बाई, आमालाबी घरं हायेत. वच्छलाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. कान लाल झाले होते तिचे, पण खुर्चीची कड तिनं घट्ट धरून ठेवली होती. डॉक्टरांनी शिपायाला बोलवायला हात उचलला, तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, फोन उचलला.

करुणाबाई वर आली. आधी बरंचसं बोलणं इंग्रजीत झालं, पण भांडण कोणत्याही भाषेत कळतं. मग अभय डॉक्टर मराठीत म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यावर तुमच्या चूर्णाचा भरवसा कोण देणार?"

"हेच तर विचारायला मी दोनदा निरोप पाठवला होता, सर."

"आला होता. मी वाचला नाही," अभय डॉक्टर म्हणाले.

एका इमारतीत राबणारी ही दोन माणसं, झेंडावंदनाला तेवढी एकमेकांना नमस्कार करत असावीत. पण बसली समोरासमोर. करुणाबाईनं स्वतःहून चूर्ण मागं घेतलं, म्हणाली, तुमची खात्री पटेपर्यंत पोटातलं राहू द्या. अभय डॉक्टरांनी तेल, वाफ आणि व्यायामाला हो म्हटलं, पण अट घातली, की आधी वर येऊन बीपी मोजायचं. जास्त असेल तर त्या दिवशी वाफ नाही. दोघांनी एकाच केसपेपरवर लिहायचं.

"कळलं का मावशी? आधी वर, मग खाली," डॉक्टर म्हणाले.

"कळलं. आता उठते," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिला उठता येईना, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या. करुणाबाईनं हात दिला.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर गावाकडं न जाता दोघं सोमनाथच्या वाळूजच्या दोन खोल्यांत राहिली. कापूस वेचायला सून तनुजा गावी गेली आणि म्हैस अप्पारावाच्या हवाली झाली. रोज सकाळी पुंजारामाला बसमध्ये चढवायचं म्हणजे एक युद्धच. वच्छलाबाई खालून ढकलायची, सोमनाथ वरून ओढायचा आणि कंडक्टर म्हणायचा, म्हाताऱ्याला रिक्षानं न्या ना. एकदा चढता चढता पुंजारामाच्या पायजम्याची नाडी सुटली. सगळ्या बसदेखत वच्छलाबाईनं ती बांधली. पुंजाराम खिडकीबाहेर बघत राहिला आणि दवाखाना येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. ती मात्र बांधून झाल्यावर त्याच्या शेजारी ताठ बसली, जणू नाडी बांधणं हे बसमधलं रोजचंच काम.

दवाखान्यात आधी वर बीपी, मग खाली तेल. कोमट तेल दंडापासून बोटांपर्यंत ओघळायचं, त्याचा उग्र वास वच्छलाबाईच्या लुगड्याला लागायचा. वाफेनं कातडी लाल व्हायची, आखडलेलं कोपर सैल पडायचं. मग तोच हात व्यायामाच्या हॉलमध्ये. तिथं रत्नमाला मॅडम होती, शहरातच वाढलेली, हसरी पण कामाला कडक. तिनं पुंजारामाच्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला. त्यानं डाव्या हातानं तो काढला आणि भिरकावून दिला.

"लेकरू... हाये का मी," तो घोगरं बोलला.

रत्नमाला रागावली नाही. चेंडू उचलून आणला आणि वच्छलाबाईला विचारलं, "आबांचा हा हात जास्त काय काम करायचा?"

वच्छलाबाईनं चांदरीचं सगळं रामायण सांगितलं. रत्नमाला हसत हसत आत गेली आणि दवाखान्यातला रबरी हातमोजा पाण्यानं टम्म भरून घेऊन आली. मोज्याचं पाचवं बोट तिनं गाठ मारून बंद केलं, उरलेल्या चार बोटांना सुईनं भोकं पाडली आणि मोजा स्टँडला टांगून खाली बादली ठेवली.

"घ्या आबा. काढा धार."

पुंजाराम बघतच राहिला. हॉलमधली बाकीची माणसं आपापले व्यायाम सोडून पाहायला लागली. मग त्याच्या वाकड्या तोंडावर हसू आलं, आजारपणातलं पहिलं. त्यानं स्टूल पुढं ओढायला लावलं आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मोज्याच्या बोटावर ठेवला. बोटं वळली. पाणी आलं नाही. पण मूठ वळली, आणि वळली ती सुटेचना.

"मूठ लवकर वळते आबा, उघडायलाच वेळ लागतो," रत्नमाला म्हणाली. "धार म्हणजे वळणं आणि उघडणं. दोन्ही जमलं पाहिजे."

रोज मोजा भरला जायचा आणि रोज पुंजाराम त्याच्यापुढं बसायचा, दात खाऊन, कपाळावर घाम घेऊन. चालणंही काठीवर आलं. एकदा अभय डॉक्टर स्वतः खाली आले तेव्हा बादलीत पाण्याची बारीक धार पडत होती. ते मोज्याकडं बघून हसले आणि डेअरीवाल्यासारखं करुणाबाईला म्हणाले, "फॅट किती लागतंय?" त्या दिवसापासून ते अधूनमधून खाली यायला लागले.

अशात एका रविवारी अप्पाराव भेटायला आला. "वहिनी, चांदरी रेडकाला तेवढं पाजती. कास उतरली. आटायच्या आत लासूरच्या बाजारात नेऊ. गिऱ्हाईक हाये, पुढल्या रविवारी येतो म्हणलाय."

"ह्यांचा हात येईपर्यंत म्हैस दावणीलाच राहील, भाऊजी."

"हात येणार हाये का पण?"

वच्छलाबाई चहा ठेवायला आत गेली. परत आली तेव्हा अप्पाराव भावाच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होता. ती आल्यावर गप्प झाला.

त्यानंतर मंगळवारी वरच्या मजल्यावर बीपी चढलेलं निघालं. सिस्टरनं तसंच लिहून खाली पाठवलं. करुणाबाईनं केसपेपर पाहिला आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली. "आज तेल नाही, वाफ नाही. आधी बीपी का चढलं ते बघू."

गोळ्या तर वच्छलाबाई रोज स्वतः त्याच्या तोंडात घालत होती. तिनं पुंजारामाकडं पाहिलं. तो छताकडं पाहत होता. तिनं त्याच्या बंडीच्या खिशात हात घातला. थुंकीनं भिजून परत वाळलेल्या गोळ्या तिच्या बोटांना लागल्या.

"अवो," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा, बसलाच उलट. "का?"

पुंजाराम रडायला लागला, लकव्याचं माणूस रडतं तसं, सगळं तोंड मोडून. "गोळी... आड येती. तेल... लागू व्हईना. म्हैस... इकतील."

तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. रविवारी अप्पाराव कानाशी लागून काय सांगत होता ते आता कळलं. तिच्याच माहेरचा कायदा त्याच्या तोंडून बोलत होता. तिनं चाकाची खुर्ची मागवली, त्याला बसवलं, लिफ्टनं वर नेलं आणि खिशातल्या गोळ्या अभय डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. ह्या वेळेला खोटं बोलली नाही. आता सगळी ओपीडी ऐकणार हे तिला माहीत होतं आणि ऐकू दे म्हणून तिनं पदर खोचला होता.

पण डॉक्टर ओरडले नाहीत. गोळ्यांकडं पाहिलं, मग खुर्ची ओढून पुंजारामाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. "आबा, गोळी तेलाच्या आड येत नाही. खाली तेल लावा म्हणून मीच लिहून दिलंय."

पुंजारामानं रडणं थांबवलं. "तुमी?"

"मी. ही माझी सही."

"मला वाटलं... तेल ही चोरून लावून घेती. तुमच्या."

तेव्हा वच्छलाबाईच्या ध्यानात आलं, की आपण वर-खाली इतकी पायपीट केली, दोन डॉक्टर समोरासमोर बसवले, आणि ज्याचं दुखणं त्याला कुणी काही सांगितलंच नाही. तो बिचारा रोज वरून खाली जाताना हेच समजत होता, की व्यायाम वरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, पण तेल बायको त्यांच्या नजरेआड लावून घेती. तिनं कपाळाला हात लावला. करुणाबाई मागोमाग वर आली होती, तीही म्हणाली, "आबा, गोळी बंद तर माझं तेलही बंद."

पुंजारामानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तोंड उघडलं. वच्छलाबाईनं गोळी जिभेवर ठेवली. त्यानं ती गिळली आणि दाखवायला जीभ बाहेर काढली.

शनिवारपर्यंत बीपी ताळ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी लासूरचं गिऱ्हाईक येणार, म्हणून दोघं दुपारच्या एसटीनं गावी गेली. दिवस कलायला लागल्यावर पुंजाराम काठी टेकत गोठ्यात शिरला. अप्पाराव गव्हाणीपाशी उभा होता. त्यानं भावाला पायावर आलेला पाहिला आणि वाट द्यायला बाजूला सरकला.

चांदरीनं मान वळवली. पुंजाराम जवळ गेला तशी तिनं नाक फेंदारलं, जोरात फुरफुरली आणि दाव्याला हिसडा देऊन मागं सरकली. हाताला तेलाचा वास होता. रोजचा हात परक्या वासानं आला होता. पुंजाराम जागेवरच थबकला. ज्या जनावराच्या जिवावर त्यानं जन्मभर अभिमान मिरवला, त्यानं त्याला ओळखलं नाही.

"वहिनी, राहू द्या. लाथ बसंल," अप्पाराव म्हणाला.

वच्छलाबाईनं कोमट पाणी आणलं, नवऱ्याचा हात धुतला, सरकीच्या पेंडेनं चोळून पुन्हा धुतला. तरी वास थोडा राहिलाच. मग पुंजारामानं जिभेनं टाळूला आवाज केला, ट्टक ट्टक, धारेला बसताना करायचा तसा. शब्द वाकडे येत होते, पण तो आवाज सरळ आला. चांदरीचे कान हलले. त्यानं पुन्हा केला. ती एक पाऊल पुढं आली आणि उभी राहिली.

रेडकू सोडलं, पान्हा फुटला, रेडकू ओढून बांधलं. वच्छलाबाईनं चरवी दोन्ही हातांनी धरली. पुंजाराम बसला. डाव्या हातानं उजवा हात उचलून सडाला लावला. मूठ वळली. आणि अडकली. चांदरीनं शेपटी झाडली. वच्छलाबाईला वाटलं, आपण त्याची बोटं सोडवावी. तिचे हात नुसते शिवशिवत होते, पण ती चरवी धरून बसली. पुंजारामानं डोळे मिटले. अंगठा सुटला, मग एक बोट, मग बाकीची. पुन्हा वळली. दुधाची धार निघाली ती त्याच्याच पायजम्यावर. दुसरी चरवीच्या काठावर. तिसरी आत पडली आणि चरवी वाजली.

उजव्या हाताच्या थोड्याच धारा झाल्या, बाकीचं डाव्यानं निभावलं. चरवीचा तळ तेवढा झाकला. चांदरीनं पाय हलवला नाही.

अप्पारावानं वाकून चरवीत पाहिलं. डोळे पुसून म्हणाला, "वहिनी, उद्या लासूरवाल्याला काय सांगू?"

"सांगा, म्हैस कामात हाये."

ओट्यावर पुंजाराम भिंतीला टेकून बसला. वच्छलाबाई आतून संध्याकाळची गोळी घेऊन आली आणि रोजच्यासारखी त्याच्या तोंडाशी नेली. त्यानं तोंड फिरवलं. इतकं सगळं करून परत तेच का, म्हणून तिची नजर त्याच्या बंडीच्या खिशाकडं गेली.

तेवढ्यात त्याचा उजवा हात मांडीवरून उठला. एकट्याचा, डाव्याचा आधार न घेता. कापत कापत तिच्यापुढं आला आणि मूठ उघडायला लागली. एकेक बोट सरळ झालं. करंगळी तेवढी वाकडी राहिली.

"इथं दे," पुंजाराम म्हणाला.

वच्छलाबाईनं गोळी त्या तळहातावर ठेवली आणि तो ती तोंडाशी नेईपर्यंत पाण्याचा तांब्या धरून उभी राहिली.